काळा आजार आणि अंकुशकृमि : आसामांतील एका चुकलेल्या निदानाचा इतिहास

(१) प्रश्नाचें स्वरूप

बखरींत फौजेचा आकडा "लाखों" असा आला म्हणजे संशोधक तो जसाच्या तसा स्वीकारीत नाहीं. तो सरंजामयाद्या, मोहिमेचे हिशेब व दाणागोट्याचे कागद शोधूं लागतो. रोगांच्या इतिहासांतहि हीच सावधगिरी अवश्य आहे. अमुक प्रांतांत अमुक रोग फार, असें जुन्या अहवालांतून वारंवार वाचावयास मिळतें. परंतु फार म्हणजे शंभर माणसांत किती, तीं कोणीं व कोणत्या साधनानें मोजलीं, मोजलेलीं माणसें रुग्णालयांतील होतीं कीं गांवांतील, आणि ज्यांना कांहींच होत नव्हतें अशांचीहि मोजणी झाली कीं नाहीं, हे प्रश्न विचारल्याखेरीज त्या "फार" शब्दाला पुराव्याची किंमत येत नाहीं.

मनुष्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या कृमींच्या बाबतींत हे प्रश्न किती महत्त्वाचे ठरतात, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आसामांत घडलेल्या एका वादावरून स्पष्ट दिसतें. त्या प्रांतांत गांवेंच्या गांवें ओसाड करणाऱ्या काळा आजार नांवाच्या रोगाचें कारण अंकुशकृमि होय, असा निर्णय सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यानें इ. स. १८९० सालीं दिला. तो निर्णय चुकीचा होता. तो कां चुकला, कोणत्या पुराव्यानें ढासळला, आणि ढासळल्यानंतर त्या कृमीकडे पाहण्याची दृष्टि कशी बदलली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

(२) कृमि व त्याच्या मोजणीचें साधन

आपल्या वैद्यकाला कृमि अपरिचित नव्हते. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील सातव्या अध्यायांत वीस प्रकारचे कृमि सांगून त्यांचे पुरीषज, श्लेष्मज, शोणितज व मलज असे वर्ग केले आहेत. तेथेंच चिकित्सेचीं तीन अंगें दिलीं आहेत : अपकर्षण, म्हणजे कृमि बाहेर काढणें, प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितींत ते वाढतात ती स्थिति मोडणें, आणि निदानोक्त भावांचें वर्जन, म्हणजे ज्या कारणांनीं ते उत्पन्न होतात तीं टाळणें. वावडिंग व पळसपापडी हीं जंतांवरील औषधें तर महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक होतीं. परंतु हें सर्व ज्ञान समोर आलेल्या एका रोग्यापुरतें होतें. समाजांत किती जणांच्या पोटांत कृमि आहेत, हा प्रश्न विचारण्याचें साधनच तेव्हां नव्हतें, कारण डोळ्यांना दिसेल असा जंत पडल्याशिवाय त्याचें अस्तित्व कळत नसे.

अंकुशकृमि हा तर सहसा आपण होऊन बाहेर पडतच नाहीं. सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा हा कृमि लहान आंतड्याच्या आंतल्या त्वचेला मुखानें घट्ट धरून राहतो व रक्त शोषितो. अँजेलो दुबिनी या इटालियन वैद्याला तो इ. स. १८३८ मध्यें मिलान येथें एका शेतकरी स्त्रीच्या शवांत प्रथम आढळला. त्याचें वर्णन त्यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १८५४ च्या सुमारास ग्रीसिंगर यानें ईजिप्तमधील एका पंडुरोगाचा संबंध याच कृमीशीं जोडला. तथापि या काळापर्यंत कृमि पाहावयाचा तर मृत्यूनंतर शव उघडावें लागे. अर्थात् मोजणी होई ती मेलेल्यांची, जिवंतांची नव्हे.

ही अडचण इ. स. १८७८ मध्यें दूर झाली. ग्रासी व पारोना बंधु यांनीं अंकुशकृमीचीं अंडीं रोग्याच्या मलांत सूक्ष्मदर्शक यंत्रानें ओळखतां येतात, असें दाखविलें. पुढें दोनच वर्षांनीं या साधनाचा मोठा उपयोग झाला. स्वित्झर्लंडमधील सेंट गोथार्ड पर्वताखालून सुमारें १५ किलोमीटर लांबीचा बोगदा १८७२ पासून खणला जात होता. त्यांत काम करणाऱ्या इटालियन मजुरांत रक्तहीनतेची साथ पसरली, आणि १८८० सालीं तुरीन येथील पेरोंचितो प्रभृति शास्त्रज्ञांनीं तिचें मूळ अंकुशकृमि असल्याचें सिद्ध केलें. बोगद्यांतील उष्ण, ओली व मलानें दूषित झालेली माती हें त्या कृमीच्या अर्भकांचें माहेरघरच होतें. तेथपासून, जेथें मजुरांचा जमाव, ओलावा व रक्तहीनता एकत्र दिसेल, तेथें अंकुशकृमि शोधावा, असा वैद्यांचा परिपाठ पडला. आसामांतील चहाच्या मळ्यांवर ही दृष्टि जाणें मग स्वाभाविकच होतें.

(३) आसामची परिस्थिति व जाइल्सचा अहवाल

काळा आजार हा रोग गारो टेकड्यांच्या पायथ्याशीं असल्याचें सरकारी कागदांत १८६९ च्या सुमारास प्रथम नमूद झालें. १८८२ च्या आरोग्यखात्याच्या अहवालांत त्याचें सविस्तर वर्णन आलें. दीर्घकाळ टिकणारा ताप, अतोनात वाढलेली प्लीहा, अंगाचा अस्थिपंजर, पायांवर सूज व त्वचेला येणारा काळसर वर्ण, हीं त्याचीं लक्षणें. रोग झालेल्यांपैकीं फारच थोडे वांचत. हा रोग ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतून वर्षानुवर्षें वर सरकत गेला. गोआलपाडा, कामरूप व नंतर नौगांव असे जिल्हे त्यानें एकामागून एक व्यापिले. त्याच्या संहाराची साक्ष खानेसुमारी देते : १८९१ व १९०१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान नौगांव जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ एक चतुर्थांशानें घटली.

याच काळांत चहाच्या मळ्यांवर दुसरा एक प्रश्न होता. छोटा नागपूर, संथाळांचा मुलूख, मध्य प्रांत इत्यादि ठिकाणांहून करारानें आणलेले मजूर मळ्यांवर मोठ्या संख्येनें मरत. १८८२ च्या पहिल्या कायद्यानें पळून जाणाऱ्या मजुरास पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांस मिळालेला होता; तेव्हां आजारी मजुराला मळा सोडून गांवीं जाण्याची वाटहि मोकळी नव्हती. या मजुरांत फिकटपणा, सूज व धाप हीं लक्षणें दिसत, आणि मळ्यांवरील डॉक्टर त्या विकाराला "बेरीबेरी" असें म्हणत. अशा रीतीनें आसामांत दोन रोगसमूह शेजारीं शेजारीं वावरत होते, आणि सूज, अशक्तता व रक्तक्षय हीं लक्षणें दोहोंत थोडींबहुत समान होतीं.

या गुंत्याचा उलगडा करण्यासाठीं हिंदी वैद्यकीय खात्यांतील सर्जन जॉर्ज जाइल्स याची विशेष नेमणूक झाली. त्याचा अहवाल इ. स. १८९० सालीं शिलाँग येथें प्रसिद्ध झाला. त्यानें रोगी तपासले, शवविच्छेदनें केलीं, मलाची सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणी केली, आणि ज्यांना काळा आजार म्हणतात अशांच्या आंतड्यांत त्याला अंकुशकृमि आढळले. त्यावरून त्यानें असा सिद्धांत मांडला कीं, काळा आजार व आसामची तथाकथित बेरीबेरी हे दोन्ही रोग एकच असून तो अंकुशकृमिजन्य विकार होय. घराभोंवतालची जमीन मलानें दूषित होते व त्यामुळें रोग एका घरांतून दुसऱ्यांत जातो, अशी साथीच्या प्रसाराची उपपत्तिहि त्यानें दिली.

या अहवालाला केवळ अज्ञानाचा नमुना म्हणून बाजूस सारणें न्यायाचें होणार नाहीं. ज्याला तो बेरीबेरी म्हणतो, त्या मळ्यांवरील रक्तहीनतेपुरता त्याचा निष्कर्ष पुष्कळ अंशीं खरा होता. भूमि दूषित होऊं न देण्याविषयींचा त्याचा आग्रहहि योग्यच होता. आणि तोहि अशा वेळीं कीं, कृमीचें अर्भक अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरांत शिरतें, हें ज्ञान अद्याप व्हावयाचें होतें. तें ज्ञान आर्थर लूस यानें कैरो येथें १८९८ मध्यें करून दिलें. जाइल्सची चूक निराळ्या ठिकाणीं होती. रोग्यांत कृमि सांपडले, एवढें त्याला पुरेसें वाटलें. निरोगी माणसांत ते किती सांपडतात, हा प्रश्न त्याच्या निष्कर्षाच्या आड आला नाहीं.

(४) निरोग्यांची मोजणी

तो प्रश्न डॉब्सन या दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें विचारला. जाइल्सच्या अहवालानंतर दोनतीन वर्षांतच त्यानें आसामांत येणाऱ्या मजुरांपैकीं ज्यांची प्रकृति ठीक होती, अशांचीच तपासणी केली. निष्कर्ष असा निघाला कीं, या धडधाकट माणसांपैकींहि बहुसंख्यांच्या पोटांत अंकुशकृमि होते. ज्यांना ताप नाहीं, प्लीहा वाढलेली नाहीं, जे दिवसभर काम करूं शकतात, तेहि कृमियुक्तच होते.

या एका निरीक्षणाचें तर्कदृष्ट्या महत्त्व नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. समजा, एखाद्या गांवांतील शंभर रोग्यांपैकीं ८० जणांत कृमि आढळले. ही संख्या एकटीच पाहिली तर कृमि व रोग यांचें नातें पक्कें वाटतें. परंतु त्याच गांवांतील शंभर निरोग्यांपैकींहि ८० जणांत कृमि आढळले, तर पहिल्या संख्येंतील सर्व पुरावा नाहींसा होतो. मग ती संख्या त्या रोगाविषयीं कांहीं सांगत नाहीं. ती त्या गांवाविषयीं सांगते. तेथील जमीन, तेथील पाऊस, मलविसर्जनाची रीत व अनवाणी चालणें यांचा तो निर्देश होय. एका कागदावर केवळ विश्वास ठेवून लढाईची मिति ठरविणें आणि रोगी तेवढे मोजून रोगाचें कारण ठरविणें, हे एकाच जातीचे दोष आहेत. दोहोंत ताडून पाहावयाचा दुसरा पुरावा गैरहजर असतो.

यानंतर लिओनार्ड रॉजर्स याला १८९६ सालीं याच चौकशीवर धाडण्यांत आलें. त्याचा अहवाल १८९७ मध्यें निघाला. अंकुशकृमीचा विकार व काळा आजार हे भिन्न आहेत, असें त्यानें निश्चितपणें प्रतिपादिलें. मात्र काळा आजार हा हिंवतापाचाच एक तीव्र प्रकार होय, असें मत त्यानें दिलें, आणि १८९९ मध्यें रोनाल्ड रॉसनेंहि तेंच उचलून धरलें. म्हणजे एक चूक निरस्त झाली व तिच्या जागीं दुसरी आली. अखेर विल्यम लीशमन यानें, दमदम येथून आजारी होऊन विलायतेस परतलेल्या व नेटली येथें मरण पावलेल्या एका शिपायाच्या प्लीहेंत १९०० सालीं पाहिलेल्या सूक्ष्म पिंडांचें वर्णन १९०३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं मद्रासेंत चार्लस डोनोव्हन यानें तेच पिंड स्वतंत्रपणें शोधले. काळा आजाराचा खरा जंतु तो हाच. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं १९२० मध्यें सिद्ध केलेलें युरिआ स्टिबामाइन हें औषध व १९४२ मध्यें वाळूमाशीच्या द्वारें होणाऱ्या प्रसाराचा मिळालेला निर्णायक पुरावा, हा त्या कथेचा उत्तरार्ध होय.

सिद्धांत चुकला असतांहि रॉजर्सच्या एका सूचनेनें लोकांचे प्राण वांचले, हेंहि नमूद केलें पाहिजे. दूषित मजूरवस्ती सोडून निरोगी मजुरांना कांहींशे यार्डांवर नव्या घरांत नेण्याची पद्धति नौगांवकडील डॉ. डॉड्स प्राइस यांच्या सहकार्यानें चहाच्या मळ्यांवर अवलंबिली गेली व ती यशस्वी झाली. कारण नीट न कळतांहि रोगाच्या प्रसाराचें निरीक्षण अचूक असेल, तर उपाय लागूं पडतो, याचें हें उदाहरण आहे.

(५) निर्दोष व निरुपद्रवी यांतील अंतर

कृमि हा काळा आजाराचें कारण नाहीं, हें ठरलें. परंतु त्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाहीं. बहुसंख्य निरोग्यांत तो सांपडतो, या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक असा कीं, त्याच्यानें फारसें कांहीं बिघडत नाहीं. दुसरा असा कीं, ज्यांना आपण निरोगी म्हणतों, त्यांच्या निरोगीपणाचें मापच खालीं आलेलें आहे. ज्या समाजांत बहुतेक सर्वच फिकट, तेथें फिकटपणा हा रोग म्हणून डोळ्यांत भरत नाहीं. मजूर आळशी आहेत, ही मळेवाल्यांची नित्याची तक्रार असे. तिच्यामागें रक्ताची उणीव कितपत होती, हें त्या तक्रारींत कोणी पाहिलें नाहीं.

हीच गोष्ट अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतहि दिसून आली. बेली ॲशफर्ड यानें १८९९ मध्यें पोर्टो रिको बेटांतील रक्तहीनतेचें कारण अंकुशकृमि असल्याचें दाखविलें. चार्लस स्टाइल्स यानें १९०२ मध्यें अमेरिकेंत आढळणारी जात निराळी असल्याचें वर्णिलें. जॉन रॉकफेलर यानें दिलेल्या दहा लाख डॉलरांवर १९०९ मध्यें एक आरोग्यमंडळ स्थापन झालें. त्यानें १९१४ पर्यंत अकरा संस्थानांत काम केलें, तेव्हां तपासलेल्या ग्रामीण मुलांपैकीं शेंकडा ४० च्या सुमारास कृमियुक्त निघालीं. ज्या गोऱ्या शेतकऱ्यांना त्यांचेच देशबांधव जन्मतः सुस्त समजत होते, त्यांच्या सुस्तीला हें एक शारीरिक कारण सांपडलें.

आश्चर्य असें कीं, त्याच सुमारास, म्हणजे १९१० च्या आसपास, सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरांत उतरूं पाहणाऱ्या हिंदी मजुरांना याच कृमीच्या कारणावरून परत लावण्यांत येऊं लागलें. एकाच देशांत, एकाच कृमीसंबंधानें, स्वकीयांना औषध व परकीयांना अटकाव, अशी दोन मापें वापरलीं गेलीं. मोजणी सूक्ष्मदर्शकाखालीं होते. तिचा अर्थ मात्र सूक्ष्मदर्शकाबाहेर लावला जातो, हें इतिहासकारानें विसरतां कामा नये.

(६) किती जणांत, यापेक्षां प्रत्येकांत किती

हिंदुस्थानांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मद्रास इलाख्यांत झाला, आणि त्यांत एका महाराष्ट्रीय संशोधकाचा प्रमुख वांटा आहे. डॉ. के. एस्. म्हसकर यांनीं मद्रासमधील अंकुशकृमिविषयक चौकशीचें काम चालविलें. फादर केअस यांच्यासह त्यांनीं थायमॉल, चेनोपोडियमचें तेल इत्यादि कृमिघ्न औषधांचें रासायनिक घटन व प्रत्यक्ष गुण यांचा मेळ पाहणारे निबंध १९१९ पासून प्रसिद्ध केले. देशी कृमिघ्नांचीहि त्यांनीं परीक्षा केली. परंपरेनें आलेलें औषध परंपरा म्हणून न स्वीकारतां व न टाकतां, त्याच्यानें किती कृमि पडतात हें पाहावें, ही त्यांची वृत्ति आपल्या संशोधकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तथापि शेंकडा किती लोक कृमियुक्त, या संख्येची अपूर्णता दूर व्हावयाची होती. ज्याच्या पोटांत पांच कृमि आहेत व ज्याच्या पोटांत पांचशें आहेत, ते दोघेहि या मोजणींत एकेकच धरले जातात. वस्तुतः पहिल्याला कांहीं जाणवत नाहीं व दुसरा रक्तक्षयानें खंगतो. नॉर्मन स्टोल यानें १९२३ मध्यें मलाच्या ठराविक वजनांत अंडीं किती, हें मोजण्याची रीति काढली, आणि तिच्यामुळें कृमींचा भार अजमावतां येऊं लागला.

या रीतीचा हिंदुस्थानांत विस्तृत उपयोग एसा चँडलर यानें केला. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेंत १९२४ पासून सुमारें तीन वर्षें राहून त्यानें देशाच्या अनेक भागांची पाहणी केली. त्याला असें दिसून आलें कीं, बंगालच्या पुष्कळ भागांत बहुसंख्य लोक कृमियुक्त असले तरी प्रत्येकाच्या पोटांतील कृमींची संख्या सामान्यतः अल्प आहे. उलट आसामांतील चहाच्या मळ्यांवर कृमियुक्तांचें प्रमाण मोठें व भारहि मोठा आहे. आणि कोरड्या वायव्य मुलखांत हा कृमि नगण्य आहे. यास्तव त्यानें समाजासाठीं एक निर्देशांक सुचविला. सर्व तपासलेल्या माणसांच्या मलांतील दर ग्रॅममागें अंड्यांची सरासरी काढावी; ती २०० च्या खालीं असेल तर समाजाला विशेष भय नाहीं, २०० ते २५० असेल तर संभाव्य धोका, २५० ते ३०० पर्यंत गौण प्रश्न, आणि ३०० च्या वर गेल्यास सार्वजनिक आरोग्याचा महत्त्वाचा प्रश्न समजावा. हा निर्देशांक आजहि आपल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत चँडलरच्या नांवानें शिकविला जातो.

आसामच्या वादाकडे या निर्देशांकाच्या साह्यानें पुन्हां पाहिलें म्हणजे जाइल्स व डॉब्सन या दोघांच्याहि निरीक्षणांची सोय लागते. जाइल्सला कृमि दिसले, ते खरे होते. डॉब्सनला निरोग्यांतहि दिसले, तेंहि खरें होतें. मळ्यांवर ज्यांच्या पोटांत भार मोठा होता ते रक्तहीन होत. ज्यांचा भार अल्प होता ते काम करीत राहत. आणि काळा आजार या दोहोंवर स्वतंत्रपणें येऊन कोसळत असे. तीन गोष्टी एका ठिकाणीं होत्या, म्हणून त्या एक वाटल्या.

(७) उपसंहार

स्टोल यानें १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या अध्यक्षीय निबंधांत जगांतील अंकुशकृमियुक्त माणसांची संख्या सुमारें ४५ कोटि ७० लक्ष, व मोठ्या जंतांनीं पीडित अशांची ६४ कोटि ४० लक्ष अशी अजमाविली होती. त्या वेळीं पृथ्वीवर माणसें सुमारें २२० कोटि होतीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अजमासाप्रमाणें मातींतून येणाऱ्या कृमींनीं पीडित माणसें आजहि सुमारें दीडशें कोटि आहेत. हिंदुस्थानांत २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाड्या यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हें चरकाच्या भाषेंत अपकर्षण होय. परंतु शौचकूप, पायांत पादत्राण व स्वच्छ पाणी यांवांचून निदानोक्त भावांचें वर्जन होत नाहीं, आणि तें झालें नाहीं तर काढलेला कृमि त्याच मातींतून पुन्हां येतो.

सारांश, आसामांतील या प्रकरणावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रोग्यांत सांपडलेली वस्तु रोगाचें कारण आहे कीं नाहीं, हें निरोग्यांची मोजणी केल्याशिवाय ठरत नाहीं. दुसरी, ती वस्तु त्या रोगाचें कारण नाहीं असें ठरलें, तरी ती निरुपद्रवी आहे असें होत नाहीं. आपण ज्याला निरोगी म्हणतों तो खरोखर निरोगी आहे काय, हें वेगळें पाहावें लागतें. तिसरी, किती जणांत, याच्या जोडीला प्रत्येकांत किती, हें कळल्यावांचून समाजाच्या दुःखाचें माप होत नाहीं. जुने आरोग्य-अहवाल, तुरुंगांच्या व मळ्यांच्या नोंदी, पलटणींचे वैद्यकीय कागद हे आपल्या दफ्तरखान्यांतून आहेत. ते वाचतांना या तीन कसोट्या लावल्या, तर ज्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत नाहींत अशा मजूर व कुणबी लोकांच्या शरीरस्थितीचा इतिहास त्यांतून बराचसा हातीं येईल.